घरच्या बिअरला गोडवा आणि लिंबू-संत्र्याचा वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात घरी बिअर करणारी बरीच मराठी मंडळी आहेत. पहिल्या दोन-तीन बॅचेस जमल्या की बहुतेकांच्या मनात एकच इच्छा येते: थोडी गोडसर, लिंबाच्या किंवा संत्र्याच्या वासाची, उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे ठेवता येईल अशी बिअर करायची. ती करता येते आणि फार छान होते. पण गोडी आणि फळाचा वास, दोन्ही गोष्टी सरबतात जशा घालतो तशा बिअरमध्ये घालून चालत नाहीत, कारण तिच्यात यीस्ट जिवंत असतं. खालची सगळी मापं १९ लिटरच्या, म्हणजे पाच गॅलनच्या बॅचची आहेत.

बिअर फार कोरडी झाली. बाटलीत भरताना साखर थोडी जास्त घातली तर गोड होईल ना?

होणार नाही, आणि बाटल्या फुटतील. हा प्रश्न पहिला घेतला, कारण इथे चुकलं तर काच उडते आणि माणसाला इजा होते.

यीस्टला साधी साखर म्हणजे सगळ्यात सोपं खाणं. तुम्ही गोडीसाठी घातलेली साखर ते दहा-पंधरा दिवसांत संपवतं. तिचं अर्धं अल्कोहोल होतं, जवळपास अर्धा कार्बन डायऑक्साइड. गोडी मागे उरत नाही. उलट अल्कोहोल वाढून बिअर आणखी कोरडी लागते.

हिशोब करून पाहा. बिअरमधला वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात: एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळला की एक व्हॉल्यूम. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक व्हॉल्यूम वायू तयार होतो. नेहमीच्या बिअरला २.३ ते २.५ व्हॉल्यूम पुरतात. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत तुम्ही गोडीसाठी जेमतेम दीड चमचा साखर घातली, तर ती लिटरमागे २० ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे पाच व्हॉल्यूम, शिवाय बिअरमध्ये आधीपासून असलेला वायू वेगळा. इतका दाब शॅम्पेनच्या जाडजूड बाटलीत असतो. बिअरची साधी बाटली साडेतीनच्या पुढे भरवशाची राहत नाही.

मग प्रायमिंगला, म्हणजे बाटलीत वायू यावा म्हणून, साखर किती घालायची?

तेवढीच, जेवढी फसफसण्यासाठी लागते. लिटरमागे ६ ते ६.५ ग्रॅम, म्हणजे १९ लिटरला ११५ ते १२५ ग्रॅम साधी साखर. काट्यावर तोलून घ्या, चमच्याने मोजू नका. आणि बाटलीत भरण्याआधी हायड्रोमीटरचं (बिअरची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायच्या नळीचं) रीडिंग तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. दोन्ही वेळा आकडा तोच आला तरच भरा. आंबणं अर्धवट असताना भरलं, तर ग्रॅव्हिटीचा एकेक पॉइंट (१.०१२ वरून १.०११) जवळपास अर्धा व्हॉल्यूम वायू वाढवतो.

यीस्टला खाता येत नाही अशी साखर आहे का?

आहे: लॅक्टोज, दुधातली साखर. बिअरचं नेहमीचं यीस्ट तिला हात लावत नाही, त्यामुळे ती जशीच्या तशी उरते आणि बाटलीतही काही गडबड करत नाही. इंग्लंडमध्ये ‘मिल्क स्टाउट’ नावाची काळी बिअर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून याच साखरेने गोड करत आले आहेत.

तिची गोडी मात्र साध्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच असते. २२५ ग्रॅम घातलीत तर बिअर गोड लागणार नाही, फक्त कोरडेपणा जाऊन तोंडात जरा भरीव वाटेल. ४५० ग्रॅमला गोडसरपणा जाणवतो आणि ग्रॅव्हिटी सुमारे आठ पॉइंट वर राहते. त्यापुढे गेलात तर मलईसारखा जडपणा यायला लागतो. काळ्या स्टाउटला तो शोभतो, लिंबाच्या हलक्या बिअरला शोभत नाही.

घालायची कधी? उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत घातली की काम झालं. पण चाखून ठरवायचं असेल तर आंबणं संपल्यावर घाला. अशा वेळी पावडर सरळ फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) ओतू नका. ती थंड बिअरमध्ये सहज विरघळत नाही, तळाशी बसते आणि वरून फेसाचा लोट येतो. भांड्यात तिच्या दीडपट पाणी घ्या, पावडर हळूहळू सोडत ढवळा, पाच मिनिटं उकळा. आधी दुधट दिसणारं मिश्रण उकळी आली की काचेसारखं स्वच्छ होतं. मग झाकून गार करून मिसळा.

आमच्याकडे बऱ्याच जणांना दूध पचत नाही. त्यांनी ही बिअर प्यावी का?

लॅक्टोज पचत नसेल तर या बिअरनेही पोट बिघडू शकतं. आपल्या लोकांमध्ये हा त्रास बऱ्यापैकी आहे आणि बिअरमध्ये दुधाची साखर असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून बाटलीवर चिठ्ठी लावा आणि देताना तोंडानेही सांगा. ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांना देऊच नका. पूर्ण शाकाहारी पण दूधही न घेणाऱ्या पाहुण्यांनाही हे आधी कळायला हवं.

गूळ किंवा मध घातला तर?

दोन्हींतली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं. मधाने बिअर गोड होईल असं नावावरून वाटतं, प्रत्यक्षात ती हलकी आणि कोरडी होते. मागे राहतो तो फुलांचा पुसटसा वास. गुळाचंही तसंच. गोडी जाते, पण खमंग, किंचित खारट अशी चव मागे राहते. ही चव मला काळ्या बिअरमध्ये फार आवडते. लिंबाच्या बिअरमध्ये मात्र ती अंगावर येते. मधाची गोड छटा हवीच असेल तर ‘हनी माल्ट’ नावाचं धान्य मिळतं, त्यात मध नसतो पण चव तशी लागते आणि टिकते. दोनशे-अडीचशे ग्रॅम पुरे.

वरून काही न घालता, मुळातूनच गोडसर बिअर होऊ शकते का?

होऊ शकते, आणि माझ्या मते हाच सगळ्यात चांगला रस्ता आहे. तीन ठिकाणी हात फिरवता येतो.

पहिलं, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. क्रिस्टल किंवा कॅरामल माल्टमधली काही साखर यीस्टला पचत नाही. एकूण धान्याच्या पाच ते दहा टक्के घ्या. लिंबूवर्गीय वासासाठी १० किंवा २० लोविबॉन्डचं (हे माल्टच्या रंगाचं माप) फिकट क्रिस्टल निवडा. ६० च्या पुढच्या क्रिस्टलला जळक्या साखरेची, मनुक्यांची चव असते आणि ती लिंबाशी भांडते.

दुसरं, मॅशचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवतानाचं, तापमान. ६४ अंश सेल्सिअसला मॅश केलं तर साखर आंबण्याजोगी होते आणि बिअर कोरडी उतरते. ६८-६९ अंशांना केलं तर डेक्स्ट्रिन, म्हणजे यीस्टला सहसा न पचणारे पिष्टाचे तुकडे, जास्त उरतात. डेक्स्ट्रिन स्वतः फारसे गोड नसतात, पण बिअर पातळ लागत नाही आणि जी थोडी गोडी आहे ती उठून दिसते. तयार माल्ट एक्स्ट्रॅक्टने (माल्टच्या घट्ट पाकाने) करणाऱ्यांच्या हातात ही गोष्ट नसते, त्यांनी माल्ट आणि यीस्टकडे लक्ष द्यावं.

तिसरं, यीस्ट. पाकिटावर ‘अटेन्युएशन’, म्हणजे यीस्ट किती टक्के साखर संपवतं ते, लिहिलेलं असतं. ७८-८० टक्केवालं यीस्ट साखर साफ करतं, ६५-७० टक्केवालं काही मागे ठेवतं. लालब्र्यू विंडसर हे इंग्लिश यीस्ट माल्टोट्रायोज नावाची साखर खात नाही, म्हणून त्याची बिअर गोडसर राहते. मात्र विंडसरच्या बिअरसाठी वापरायची उपकरणं, बाटल्या नीट निर्जंतुक करा. दुसरं एखादं यीस्ट किंवा जंगली जिवाणू आत शिरला, तर त्याच्यासाठी ती उरलेली साखर म्हणजे मेजवानी. सेझॉन या बेल्जियन बिअरची काही यीस्ट तर डेक्स्ट्रिनही फोडतात. गोडसर बिअर आणि सेझॉन एकाच नळीतून भरू नका.

माल्टोडेक्स्ट्रिनची पावडर घातली तर?

जाडी वाढते, गोडी नाही.

स्टीव्हिया, सुक्रलोज, एरिथ्रिटॉल चालतील का?

आंबत नाहीत, म्हणून बाटलीसाठी चालतात. पण पाकिटाची मागची बाजू वाचा. चहात घालायच्या सुक्रलोजच्या पुड्यांत बहुतेक भार डेक्स्ट्रोज आणि माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो, आणि डेक्स्ट्रोज आंबतो. त्यापेक्षा द्रवरूप सुक्रलोज घ्या. ते साखरेच्या सहाशेपट गोड असतं, म्हणून थेंबाथेंबाने. स्टीव्हियाला मागून येणारी कडसर चव असते आणि हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) कडूपणाशी मिळून ती जास्तच टोचते. एरिथ्रिटॉल साखरेच्या साठ-सत्तर टक्के गोड आणि चवीला स्वच्छ, यातल्या यात तोच मला बरा वाटतो. झायलिटॉलही आंबत नाही, पण घरात कुत्रा असेल तर ते आणूच नका. सांडलेली बिअर चाटली तरी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

दुकानात ‘पोटॅशियम सॉर्बेट घाला, मग हवी तेवढी साखर घाला’ असं सांगितलं. खरं का?

केगमध्ये (धातूच्या पिंपात) भरत असाल तर बऱ्याच अंशी खरं. बाटलीत भरत असाल तर हा रस्ता बंद, कारण सॉर्बेटने यीस्ट थांबवलं तर बाटलीत फसफस येणार कुठून?

सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ रोखतं. म्हणून ते आंबत्या बिअरमध्ये घालून उपयोग नाही. आंबणं पूर्ण होऊ द्या, बिअर एक-दोन अंशांवर तीन-चार दिवस ठेवा म्हणजे यीस्ट तळाशी बसेल. वरची निवळ बिअर केगमध्ये काढा. मग सुमारे ५ ग्रॅम सॉर्बेट आणि गॅलनमागे एक कॅम्पडेन गोळी कुटून घाला. एक दिवस थांबा आणि त्यानंतर साखरेचा पाक. वायू सिलेंडरमधून भरा.

हे करूनही केग फ्रिजमध्येच ठेवा. सॉर्बेट वाइनमध्ये जितकं बिनचूक काम करतं तितकं बिअरमध्ये करत नाही, कारण बिअर वाइनइतकी आंबट नसते. आणि लॅक्टोबॅसिलस जिवाणूने आंबट केलेल्या बिअरमध्ये सॉर्बेट घालू नका, त्यातून जिरेनियमच्या पानासारखा उग्र वास तयार होतो आणि तो जात नाही. कॅम्पडेनमध्ये सल्फाइट असतं, दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, तेही पाहुण्यांना सांगा.

गोड बिअर बाटलीत भरून, बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारलं तर?

सायडर करणारे काही लोक हे करतात. मी कुणालाही सुचवत नाही. वायू भरलेली बाटली तापवली की आतला दाब कितीतरी वाढतो, आणि तो किती वाढलाय हे बाहेरून दिसत नाही.

साखरेला हात न लावता गोडी वाढवायची काही युक्ती?

हॉप्स कमी करा. गोडी ही मोठ्या प्रमाणात कडूपणाच्या तुलनेत जाणवते. ३५ आयबीयूची (हे कडूपणाचं माप) बिअर १५ वर आणली, बाकी काही बदललं नाही, तरी पिणारा ‘गोड झाली’ म्हणतो. पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड जास्त असेल तर चव गोलसर लागते. चिमूटभर कॅल्शियम क्लोराइडने फरक पडतो. वायू किंचित कमी ठेवा, कारण तोही जिभेला आंबट टोचतो. आणि बर्फासारखी थंड करून चाखू नका. चार अंशांवर जी बिअर फिकी वाटते तीच आठ अंशांवर गोडसर लागते. माझा आग्रह असा की कुठलीही साखर विकत आणण्याआधी पुढच्या बॅचला हे करून पाहा.

आता लिंबाकडे येऊ. पाच-सहा लिंबं पिळून टाकली तर?

रसात आंबटपणा असतो, वास सालीत असतो. लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक अ‍ॅसिड असतं. तो टाकला की बिअर आंबट होते, पण आपल्याला हवा असतो तो साल सोलताना नाकात शिरणारा ताजा वास, आणि तो रसातून फारसा येत नाही.

संत्र्याच्या रसाचं आणखी वाईट होतं. त्यातली साखर आंबून जाते आणि उरतं ते आंबट, शिळं, नकोसं पाणी. ताज्या संत्र्याची आठवण त्यात औषधालाही सापडत नाही. बाटलीबंद रस तर बघून घ्या. त्यात सोडियम बेन्झोएट किंवा सॉर्बेट असेल तर यीस्ट अडखळतं.

आंबटपणा हवा असेल तर आंबणं संपल्यावर लिंबूसत घाला. लिटरमागे अर्धा ग्रॅम हे सुरुवातीचं माप.

साल कशी काढायची आणि किती घ्यायची?

दुकानातल्या लिंबा-संत्र्यांवर मेण आणि बुरशीनाशक चढवलेलं असतं. ऑरगॅनिक मिळाली तर ती घ्या. नाहीतर गरम पाण्याखाली ब्रशने खसखसून घासा, फळ हाताला गुळगुळीत न लागता जरा खरखरीत लागेपर्यंत.

मग पीलर अगदी हलक्या हाताने फिरवा. निघालेली पट्टी उलटी करून बघा. आतली बाजू फिकट पिवळी किंवा नारिंगी दिसली आणि तिच्यावर तेलाच्या पिशव्यांचे बारीक ठिपके दिसले तर बरोबर. पांढरी, कापसासारखी दिसली तर तुम्ही खोल गेलात; पट्टी पाटावर उलटी ठेवून धारदार सुरीने तो पांढरा भाग खरवडून काढा. तो कडू असतो, आणि त्याचा कडूपणा हॉप्ससारखा स्वच्छ नसून जिभेवर रेंगाळणारा असतो. ग्रेपफ्रूटमध्ये तर फारच. बारीक किसणीवर किसलंत तरी चालेल, फक्त एका जागी दोनदा किसू नका.

माप: मोठी संत्री तीन, किंवा लिंबं (इथली मोठी पिवळी) चार-पाच, किंवा ग्रेपफ्रूट दोन. ताजी साल २५-३० ग्रॅम भरते. नागपुरी संत्र्याच्या जातीची सैल सालीची फळं, म्हणजे टँजरिन, क्लेमेंटाइन, यांची साल पातळ आणि पांढरा भाग कमी, त्यामुळे ती या कामाला फार सोयीची.

उकळताना घालायची की नंतर?

फळावर अवलंबून आहे, आणि हे मला कळलं तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. संत्र्याची साल उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घातली तरी तिची मऊ, मुरंब्याजवळ जाणारी छटा बिअरमध्ये राहते. बेल्जियमच्या विटबिअर या गव्हाच्या बिअरमध्ये हेच करतात. हूगार्डन गावातली ही पद्धत १९५० च्या दशकात बंद पडली होती, ती पिएर सेलिस यांनी पुढच्या दशकात पुन्हा सुरू केली, कडू संत्र्याची साल आणि धने यांच्यासकट.

पिवळ्या लिंबाचं तसं नाही. त्याचा वास मुख्यतः सिट्रल नावाच्या द्रव्याचा, आणि यीस्ट आंबवताना सिट्रलचं दुसऱ्याच, गुलाबाच्या अंगाने जाणाऱ्या द्रव्यांत रूपांतर करतं. शिवाय उकळीबरोबर आणि बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर बराच वास उडून जातो. म्हणून लिंबाची साल आंबणं संपल्यावरच घाला.

आंबल्यावर घालायची तर साल व्होडकात बुडवून घ्या, उकळून काढलेल्या सुती फडक्यात बांधा, तीन ते पाच दिवस फर्मेंटरमध्ये ठेवा आणि काढा. आठवडाभर ठेवलीत तर साल स्वतःचा कडूपणा सोडायला लागते.

याहून हमखास पद्धत कोणती?

व्होडकातला अर्क. चार लिंबांची साल काचेच्या बरणीत घाला, ती बुडेल इतकी, सुमारे १२० मिलिलिटर, व्होडका ओता, झाकण लावून तीन-चार दिवस ठेवा. दिवसातून एकदा हलवा. व्होडका पिवळीधमक होते आणि साल फिकी, कडक पडते. कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्या. अल्कोहोल सालीतलं तेल पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं ओढतं, आणि मुख्य म्हणजे किती घालायचा हे चाखून ठरवता येतं.

चाखून ठरवायचं म्हणजे नेमकं कसं?

बिअर चार ग्लासांत प्रत्येकी १०० मिलिलिटर मोजून घ्या. औषध पाजायची सुई नसलेली एक मिलिलिटरची सिरिंज आणा. पहिल्या ग्लासात काही घालू नका. दुसऱ्यात ०.१, तिसऱ्यात ०.२, चौथ्यात ०.४ मिलिलिटर अर्क. ढवळून, आधी वास घेऊन मग घोट घ्या, आणि दर वेळी पहिल्या ग्लासाकडे परत या. ०.२ आवडलं तर १९ लिटरला ३८ मिलिलिटर लागेल.

केगमध्ये साखर घालायची असेल तर तीही अशीच ठरवा. ५० ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर पाक करा. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम साखर. १०० मिलिलिटर बिअरला एक मिलिलिटर पाक म्हणजे लिटरमागे ५ ग्रॅम, पूर्ण केगला ९५ ग्रॅम. बहुतेकांना दोन ते चार मिलिलिटरच्या दरम्यान समाधान होतं. चाखायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवा आणि कुठल्या ग्लासात किती आहे ते सांगू नका.

माझ्या बिअरला फरशी पुसायच्या लिक्विडसारखा वास येतो. काय झालं?

तेल जास्त झालं. लिंबू-संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन सगळ्यात जास्त असतं आणि साफसफाईच्या द्रवांतही तेच वापरतात, म्हणून नाक तिकडे जातं. बेकिंगचे तेलावर आधारलेले अर्क सरळ ओतले की हे हमखास होतं. शिवाय तेल वर तरंगतं आणि बिअरचा फेस बसतो. उपाय म्हणजे ती बिअर तशाच पण बिनवासाच्या बिअरमध्ये मिसळणं, किंवा थांबणं. लिमोनीन हळूहळू उडतं, बदलतं. महिन्याभरात वास सौम्य होतो.

याच कारणाने चांगली जमलेली लिंबाची बिअरही साठवून ठेवू नये. थंड ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा.

फळाशिवाय हा वास येऊ शकतो का?

हॉप्समधून येतो. कॅस्केडला ग्रेपफ्रूट, अमारिलोला संत्रं, सोराची एसला लिंबू, मोटुएकाला हिरवं लिंबू, मँडरिना बव्हेरियाला टँजरिन, आणि सिट्राला तर नावातच सगळं. उकळी बंद करून वॉर्ट (अजून न आंबलेलं माल्टचं पाणी) ७५-८० अंशांवर आलं की घाला आणि वीस मिनिटं ठेवा. वास येतो, कडूपणा फारसा वाढत नाही.

ड्राय हॉपिंग, म्हणजे उकळीऐवजी फर्मेंटरमध्ये हॉप्स घालणं, करत असाल तर एक खबरदारी. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात, ती डेक्स्ट्रिन फोडून त्यांची आंबणारी साखर करतात. तुम्ही मेहनतीने राखलेली गोडी त्यामुळे कमी होते आणि बाटलीत वायू वाढतो. म्हणून ड्राय हॉपिंगनंतर हायड्रोमीटर पुन्हा लावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत बाटल्या भरू नका.

आणि आपल्या स्वयंपाकघरातलं काही?

धने आणि गवती चहा. हे दोन्ही लिंबूवर्गीय वासाचे आहेत हे बिअर करताना नव्याने लक्षात येतं. धन्यांत लिनालूल असतं, तेच हॉप्समध्येही असतं, त्यामुळे दोघांचं जमतं. भारतीय दुकानातले लांबट, फिकट धने घ्या, न भाजता खलबत्त्यात अर्धेबोबडे कुटा, १५ ग्रॅम उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. भाजले तर आमटीचा वास येईल.

गवती चहात लिंबासारखंच सिट्रल असतं. इथल्या थाय दुकानात जाड देठांचा मिळतो, आपल्याकडचा पानांचा. २० ग्रॅमपासून सुरुवात करा. लिंबासाठी जे सांगितलं तेच याला लागू, आंबल्यावर किंवा व्होडकातून घातला तर वास जास्त राहतो. थाय मक्रूट लिंबाची पानंही सुंदर लागतात, पण ती फार जोरकस असतात. चार-सहा पानं पुरेत.

हे सगळं सोडून ग्लासातच काही मिसळलं तर कमीपणा आहे का?

मुळीच नाही. जर्मनीत राडलर म्हणजे लागर आणि लिंबाचं सोडापेय निम्मं निम्मं. १९२२ साली म्युनिकजवळच्या डायझेनहोफेनमध्ये सायकलस्वारांची झुंबड उडाली आणि फ्रान्झ झावर कुगलर या खानावळवाल्याने बिअर पुरवण्यासाठी हा मेळ केला, अशी गोष्ट तिथे सांगतात. पेय आणि नाव त्याआधीचं असल्याचंही म्हणतात. बर्लिनर वाइस या आंबट बिअरमध्ये तर रासबेरीचं सिरप घालूनच देतात. बाटलीत भरणाऱ्यांसाठी ही सगळ्यात सुरक्षित गोड बिअर: बाटलीत कोरडी, ग्लासात गोड, आणि प्रत्येकाला हवी तेवढी.

सिरप घरी करा. दोन लिंबं आणि एक संत्रं यांची साल २०० ग्रॅम साखरेत हाताने चुरा, झाकून चार तास ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते, ओलसर, पिवळट होते आणि झाकण काढताच वास खोलीभर पसरतो. बारटेंडर याला ओलिओ सॅकरम म्हणतात. त्यात १०० मिलिलिटर गरम पाणी घालून ढवळा, गाळा, एक लिंबू पिळा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. ग्लासात आधी दहा मिलिलिटर सिरप, मग वरून बिअर सावकाश.

ग्रेपफ्रूटबद्दल काही काळजी?

ग्रेपफ्रूटमुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांचं शरीरातलं प्रमाण वाढतं. सालीतून बिअरमध्ये उतरतं ते थोडं असतं, पण पाहुण्यांत वडीलधारी मंडळी असतील तर संत्रं वापरा.

महाराष्ट्रात घरी करता येईल का?

नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा तिथे लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, स्वतःपुरतं केलं तरी. गोव्यातही परवाना लागतो. सुट्टीत घरी जाताना यीस्ट आणि हॉप्स बॅगेत घालून नेण्याचा मोह टाळा. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरीत संत्र्याच्या सालीची विटबिअर मिळते, ती प्या.

अमेरिकेत १४ ऑक्टोबर १९७८ ला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या बिअरवरचा संघीय कर उठला. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. राज्यांचे कायदे वेगळे असतात. मिसिसिपी आणि अलाबामाने २०१३ मध्ये परवानगी दिली. इंग्लंडमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही. विकायची मात्र कुठेच नाही, मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीसाठीसुद्धा नाही.

पहिल्यांदा करतोय. नेमकं काय करू?

२.७ किलो गव्हाचं द्रवरूप माल्ट एक्स्ट्रॅक्ट. साठ मिनिटांची उकळी, सुरुवातीला २८ ग्रॅम हालरटाऊ हॉप्स, कडूपणा १३-१४ आयबीयू येईल. शेवटच्या दहा मिनिटांत २२५ ग्रॅम लॅक्टोज, शेवटच्या पाचांत तीन संत्र्यांची साल आणि १५ ग्रॅम कुटलेले धने. ग्रॅव्हिटी १.०४७ च्या आसपास. सेफएल यूएस-०५ यीस्ट, १८-१९ अंशांवर दोन आठवडे. साधारण १.०१५ ला थांबेल, त्यातले चार पॉइंट लॅक्टोजचे आहेत. म्हणून आकडा वर दिसला तरी घाबरून यीस्ट पुन्हा टाकू नका. लिंबाचा अर्क भरण्याच्या दिवशी, सिरिंजने ठरवून. १२० ग्रॅम प्रायमिंगची साखर.

बाटल्या भरताना एक प्लास्टिकची सोड्याची बाटलीही भरा. ती दाबून पाहिली की आतला दाब हाताला कळतो. घट्ट झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा. आणि ती अगदी दगडासारखी लागली, तर काचेच्या बाटल्या उघडायला जाऊ नका. जाड हातमोजे आणि चष्मा घालून, वर टॉवेल टाकून त्या थंड करा, दुसऱ्या दिवशी गार असतानाच एकेक करून सिंकमध्ये उघडा.